आजारी भटके मांजर: घरात माणसाळवावे की उपचार करून मूळ जागी सोडावे?

पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्याला पाठ लावून, कान पाडून फिस्कारणारे आजारी मांजर समोर असते तेव्हा दोन वाटा दिसतात. एक तर त्याला कायमचे घरात घ्यायचे, नाहीतर उपचार आणि नसबंदी करून जिथून उचलले तिथेच परत सोडायचे आणि रोज खाऊ घालत त्याच्यावर लक्ष ठेवायचे. माझ्या मते ही निवड आपल्याला त्याची किती माया वाटते यावर करू नये. त्याच्या आजारासाठी यापुढे किती वेळा त्याच्या अंगाला हात लावावा लागणार आहे, यावर ती करावी.

त्याआधी मांजर नेमके कोणते आहे हे पारखावे लागते. एकेकाळी घरात राहिलेले आणि नंतर रस्त्यावर आलेले मांजर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओळख दाखवू लागते. ज्याने माणसाचा स्पर्श कधी जाणलाच नाही, त्याला मात्र महिने लागतात आणि काही मांजरे आयुष्यभर अंतर राखूनच जगतात. पिल्लांना माणसाची सवय सर्वांत सहज लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, त्यामुळे त्या वयाच्या आजारी पिल्लाला परत सोडण्याचा विचारही मी करणार नाही. प्रौढ मांजराची गोष्ट वेगळी असते. घाबरलेले पाळीव मांजर आणि खरोखर न सरावलेले मांजर पिंजऱ्यात अगदी सारखेच वागतात, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

आता आजाराकडे वळू. गळू, जखम, जंत, कानातील कीड अशा तक्रारी बहुधा एकदाच्या उपचारात किंवा थोड्या दिवसांत आटोक्यात येतात आणि नसबंदीच्या भुलेतच बरेच काम उरकता येते. एका इंजेक्शनने 14 दिवसांपर्यंत परिणाम टिकणारे प्रतिजैविकही पशुवैद्यांकडे असते, त्यामुळे रोज गोळी भरवण्याची झटापट टळते. आमच्याकडे आणलेला एक बोका वाटीपाशी धावत यायचा, एक घास घ्यायचा आणि तोंडाला चटका बसल्यासारखा ओरडून मागे पळायचा. हनुवटीखालचे केस लाळेने चिकटलेले असत. हिरड्यांचा आणि घशाजवळचा हा दाह औषधांनी दबतो, पण पुन्हा उसळतो. दाढा किंवा सगळेच दात काढल्यावर पुष्कळ मांजरांना मोठा आराम पडतो आणि त्यालाही तो पडला. नंतर तो आपल्या आवारात परत गेला, कारण तिथे रोज मऊ अन्न ठेवणारे माणूस होते. ते नसते तर त्याला सोडणे चुकीचे ठरले असते.

याउलट मधुमेहात बहुधा दिवसातून दोनदा इन्सुलिन लागते आणि मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात कातडीखाली वरचेवर सलाईन द्यावे लागू शकते. अशा मांजराला बाहेर सोडणे म्हणजे उपचार थांबवणेच होय. पण जे माणसाळत नाही त्याला घरात रोज पकडून टोचणे हेही त्याच्या दृष्टीने रोजचे भयच असते, आणि जो हात औषध देतो त्याच हातावर विश्वास बसणे मग कठीण होते. यावर पशुवैद्यांशी मोकळेपणाने बोलावे, आणि वेदना आवरत नसतील तर शांत मरण देण्याचा पर्यायही बोलण्यातून वगळू नये.

विषाणूंच्या बाबतीत दोन्ही वाटांचे धोके वेगवेगळे आहेत. एफआयव्ही, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. नसबंदीनंतर मारामाऱ्या कमी होतात आणि असे मांजर बरीच वर्षे चांगले जगू शकते, म्हणून शांत घरात ते सामावते. एफईएलव्ही, म्हणजे मांजरांमधील ल्युकेमियाचा विषाणू, मात्र लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून आणि सामाईक वाटीतूनही पसरू शकतो. त्यामुळे असे मांजर परत सोडल्यास बाहेरच्या मांजरांना धोका असतो आणि घरात आणल्यास घरातल्या मांजरांना, म्हणून ते एकटेच ठेवता येईल असे घर त्याला लागते. एकाच चाचणीवर मात्र निर्णय घेऊ नये: सहा महिन्यांखालच्या पिल्लात आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे एफआयव्हीची चाचणी फसवू शकते.

घर म्हणजे लगेच आरोग्य, हा समजही खरा नाही. हर्पिस विषाणूची लागण झालेल्या मांजरात तो जन्मभर दडून राहतो आणि नव्या जागेच्या ताणाने डोळे वाहणे, शिंकणे पुन्हा सुरू होते. भीतीने दोन-तीन दिवस काहीच न खाल्ल्यास यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते, म्हणून वाटीतले अन्न रोज मोजावे. एक लहान खोली, लपायला खोके आणि इतर मांजरांपासून किमान दोन आठवडे वेगळेपण एवढे तरी हवेच. तिथे जमिनीवर त्याच्याकडे थेट तोंड न करता बसावे, रोखून पाहू नये, डोळे हळूच मिटून उघडावेत आणि ते स्वतः जवळ येईपर्यंत हात पुढे करू नये.

घरात घेण्याचे ठरले, तर पहिल्याच दिवसापासून नेण्या-आणण्याची पेटी दार उघडे ठेवून त्याच खोलीत अंथरुणासारखी मांडावी. ते तिच्यात आपणहून झोपू लागले, की पशुवैद्यांकडे नेण्याच्या दिवशी त्याला कोपऱ्यात गाठून पकडावे लागत नाही; ते झोपलेले असताना फक्त दार लोटायचे असते.