नागपुरात मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी रोज सायकलनं, 8 महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या आधी सायकल घेतली, आता जून संपत आला, मधात नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) गेला, पाऊसही लागला, म्हणून आत्ता लिहून राहिलो. एका बाजूनं साधारण 13 किमी, बहुतेक रिंग रोडनंच. 4,000 च्या आसपास किमी झाले.

घेताना मन जाड टायरच्या एमटीबीवर, म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकलवर बसलं होतं, पुढे सस्पेन्शन (धक्के खाणारी स्प्रिंग) वगैरे, दुकानातही तीच दाखवत होते. ऑफिसातला एक जण म्हणाला, "भाऊ, तुले काय डोंगरात जायचं आहे काय? रस्ता तर सिमेंटचा आहे." त्याची हायब्रिड, म्हणजे एमटीबी आणि बारीक टायरच्या रोडबाइकच्या मधली सायकल, दोन दिवस चालवली आणि ठरलंच. माझी 7 गिअरची, सस्पेन्शन नाही, टायर 700 बाय 38, म्हणजे 38 मिमी रुंद.

या 38 बद्दल नीट सांगतो. रोडबाइकचे 25 चे टायर पळतात मस्त, पण आपल्या सिमेंट रोडवर दोन स्लॅबमधला जो लांब सांधा असतो ना, किंवा सिमेंट संपून गट्टू (फरशीचे ब्लॉक) लागतात तिथली खाच, त्यात बारीक टायर गेला की हँडल हातात राहत नाही. 38 चा टायर त्यावरून निघून जातो. सस्पेन्शन नाही तर हात दुखतील वाटलं होतं, पण हवा जरा कमी ठेवली की काही होत नाही, माझं वजन 68 किलो आहे, हवेचा दाब पुढे 50 आणि मागे 60 पीएसआय ठेवतो. टायरवर लिहिलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. नरेंद्र नगरच्या पुलावर उभं राहून पॅडल मारताना ताकद स्प्रिंग दाबण्यात जात नाही हा फायदा वेगळाच.

पहिला महिना मात्र गुडघ्यानं हैराण केलं. दुकानात सीट पार खाली करून दिली होती, पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून. तसं करू नका. टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली न्या, तेव्हा गुडघा सरळ झाला पाहिजे, मग पंजानं चालवताना तो आपोआप थोडा वाकलेला राहतो. मी सीट दीड इंच वर घेतली, दहा दिवसांत दुखणं गेलं.

मागच्या चाकाच्या ताराही ढिल्या झाल्या, चाक आउट, म्हणजे फिरताना डुलायला लागलं. नव्या चाकाच्या तारा सुरुवातीला बसतात, त्यामुळे पहिली सर्व्हिसिंग अजिबात टाळू नका. मडगार्ड अन् कॅरिअर वेगळे घ्यावे लागले, पण घ्याच, डबा आणि लॅपटॉप पाठीवर घेऊन मे महिन्यात 13 किमी काढून पाहा, शर्ट पिळावा लागतो.

उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला निघायचो, हेल्मेटखाली दुपट्टा, दोन बाटल्या, एकीत लिंबू-मीठ-साखर. संध्याकाळी सहालाही झळा लागतात. नवतप्यातले चार दिवस गाडीनं गेलो, तेव्हा हिंमत नाही झाली. पंक्चर पाच, त्यातले तीन बाभळीच्या काट्यानं. डिस्क ब्रेक पावसात चांगले धरतात, ओले असले की ओरडतात तेवढं.

चेन झिजली की लांबते, म्हणून परवा मोजली. नव्या चेनच्या 24 कड्या, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, बरोबर 12 इंच भरतात, माझी 1/16 इंच जास्त भरली म्हणून लगेच बदलली, नाहीतर फ्रीव्हीलचे दातेही खाल्ले असते. नवीला आता पावसाचं दर तिसऱ्या दिवशी पुसून तेल देतो, आज सकाळीच दिलं.