तालुक्याच्या गावातून ग्राइंडर : एक परीक्षण

समलिंगी पुरुषांना आसपासच्या आपल्यासारख्यांची ओळख करून देणाऱ्या ग्राइंडर या डेटिंग ॲपची परीक्षणे बहुधा मोठ्या शहरांतल्या वापरकर्त्यांनी लिहिलेली असतात, आणि त्यांच्या तक्रारी जाहिरातींच्या, वर्गणीच्या किंवा बनावट फोटोंच्या असतात. सोलापूर जिल्ह्यातल्या समलिंगी पुरुषाला या ॲपकडून जे हवे असते ते मुळातच वेगळे आहे. आपल्यासारखा दुसरा कोणी या पंचक्रोशीत आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. भेट, मैत्री, प्रेम हे सारे त्यानंतरचे. सोलापूर शहरात राहून आणि कामानिमित्त जिल्ह्याच्या तालुक्यांत फिरून मी हे ॲप दीर्घकाळ वापरले आहे, आणि त्या पहिल्या प्रश्नाच्या कसोटीवरच ते येथे तपासतो आहे.

ॲपची रचना सोपी आहे. २००९ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस येथे ते सुरू झाले, तेव्हापासून त्याचा गाभा फारसा बदललेला नाही. फोनच्या ठिकाणावरून ते आसपासचे वापरकर्ते शोधते आणि सर्वांत जवळचा माणूस आधी, मग त्याहून दूरचा, अशा क्रमाने लहान चौकटींची जाळी पडद्यावर मांडते. चौकटीवर बोट ठेवले की माहिती उघडते आणि थेट संदेश पाठवता येतो. मोफत वापरणाऱ्याला ठरावीक चौकटीच दिसतात व मधून मधून जाहिराती येतात. वर्गणी भरली की जाळी वाढते.

मुंबईत दादरला उभे राहून पाहिले तर या ठरावीक चौकटी दोन-चार किलोमीटरांतच संपून जातात. सोलापुरात पार्क चौकात किंवा सात रस्त्याला उभे राहिले तर त्या शहरभर पसरतात आणि शहराबाहेरही जातात. मंगळवेढ्यात मात्र तेवढ्याच चौकटी भरण्यासाठी ॲपला पंढरपूर, सांगोला, सोलापूर आणि पुढे कर्नाटकातल्या विजयपूरपर्यंत जावे लागते. पडद्यावर सगळी माणसे खेटून उभी दिसतात; प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये तालुकेच्या तालुके असतात. शिवाय ॲप जे अंतर सांगते ते सरळ रेषेतले असते. सोलापूर ते पंढरपूर हे सत्तर किलोमीटरांहून अधिक अंतर एसटीने कापायचे, दोन तास बोलायचे आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून घड्याळाकडे पाहत राहायचे, हा हिशेब कोणत्याही चौकटीत दिसत नाही. करमाळ्याच्या माणसाला तर स्वतःच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण इतके लांब आहे की त्याच्या पडद्यावर शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली माणसे आधी येतात.

आणि तरीही या ॲपचे सर्वांत मोठे देणे याच जाळीत आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत वाढलेल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एका तरुणाने मला सांगितले होते की, वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत समलिंगी माणसे फक्त चित्रपटांत आणि मोठ्या शहरांत असतात, अशी त्याची खात्री होती. ज्या रात्री त्याने हे ॲप पहिल्यांदा उघडले त्या रात्री त्याने कोणालाही संदेश पाठवला नाही. आठशे मीटरवर कोणीतरी आहे, एवढे वाचून तो कितीतरी वेळ जागा राहिला. ज्याने असा एकटेपणा भोगलेला नाही त्याला या आठशे मीटरची किंमत कळणे कठीण आहे. मला ती कळते, म्हणूनच या ॲपमधल्या सर्व उणिवांसह मी ते निरुपयोगी म्हणायला तयार नाही.

सोलापूरच्या जाळीतल्या बहुतेक चौकटी चेहऱ्याविना असतात. कोणी सिद्धेश्वर तलावाचा फोटो लावतो, कोणी मोटारसायकलचा, कोणी काहीच नाही. पुण्याहून आलेले मित्र याला लबाडी समजतात, आणि तो समज अन्यायाचा आहे. ज्या शहरात आडनाव सांगितले की गल्ली कळते आणि गल्ली सांगितली की मामा-काका कळतात, तिथे चेहरा लावणे म्हणजे घर, दुकान आणि बहिणीचे ठरू घातलेले लग्न पणाला लावणे होय. येथे विश्वास टप्प्याटप्प्याने वाढतो: आधी भाषा, मग भाग, मग व्यवसाय, मग आवाज, आणि सर्वांत शेवटी चेहरा. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी हिंदी यांची सरमिसळ असलेल्या त्या संभाषणांतून माणूस हळूहळू उलगडतो. ॲपची रचना मात्र घाईसाठी केलेली आहे. ‘फोटो?’ आणि ‘प्लेस?’ हे दोन प्रश्न पहिल्या मिनिटातच येतात, आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्या, लॉजवर आधार कार्ड दाखवायला घाबरणाऱ्या माणसाकडे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ कधीच नसते. तिथेच बहुतेक संवाद संपतात. ज्यांचे संपत नाहीत ते उजेडात, चार लोकांत, चहाच्या टपरीवर किंवा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत भेटतात. अशाच भेटींतून माझे जे मित्र झाले ते आज एकमेकांच्या आजारपणात दवाखान्यात बसतात आणि एकमेकांच्या आईशी फोनवर बोलतात. हे सर्व ॲपमुळे सुरू झाले, पण ॲपमध्ये घडले नाही. अनेकांनी एकत्र बोलण्याची, एकमेकांना आधार देण्याची सोय त्याच्या गाभ्यात नाही. ते दोन अनोळखी माणसांना समोरासमोर आणते आणि बाजूला होते.

गोपनीयतेबाबत या कंपनीचा इतिहास वापरकर्त्याने जाणून घेतला पाहिजे. वापरकर्ते स्वतःहून भरत असलेली एचआयव्हीविषयीची माहिती दोन बाहेरच्या कंपन्यांकडे जात असल्याचे २०१८ च्या एप्रिलमध्ये उघड झाले, आणि टीकेनंतर ग्राइंडरने ते थांबवले. पुढे २०२१ च्या डिसेंबरमध्ये नॉर्वेच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने, वैध संमतीविना वापरकर्त्यांची माहिती जाहिरातदारांना दिल्याबद्दल, कंपनीला ६.५ कोटी नॉर्वेजियन क्रोनरचा दंड ठोठावला. ज्याला फोनवरची एक ओळ घराबाहेर काढू शकते अशा माणसासाठी या गोष्टी दूरदेशीच्या बातम्या नाहीत. म्हणून खाते उघडताच सेटिंगमध्ये जाऊन अंतर दाखवणे बंद करावे, आणि तसे केल्यावरही जाळीतल्या क्रमावरून आपण जवळ आहोत की लांब याचा अंदाज येतोच, हे लक्षात ठेवावे. ॲपचे चिन्ह बदलून ते कॅमेरा किंवा गणकयंत्रासारखे दिसावे अशी सोयही दिलेली आहे. जिथे धाकटा भाऊ हक्काने फोन उचलतो त्या घरात ही सोय फार मोलाची ठरते. ज्या क्रमांकाला यूपीआय जोडलेले आहे आणि ज्यावर पूर्ण नाव दिसते तो क्रमांक पहिल्या ओळखीत कोणालाही देऊ नये.

खंडणीचा विषय मी सविस्तर लिहितो, कारण लहान शहरांतले तरुण याच ठिकाणी मोडून पडतात. समलिंगी डेटिंग ॲपवरून गोड बोलून निर्जन जागी बोलावणे, मारहाण करणे, चित्रीकरण करणे आणि घरी सांगण्याची धमकी देऊन पैसे उकळणे, असे गुन्हे देशाच्या अनेक शहरांत पोलिसांकडे नोंदले गेले आहेत. धमकी देणारा बहुधा म्हणतो, ‘तुलाच पोलिसांत देतो.’ ही धमकी पूर्णपणे पोकळ आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांच्या परस्परसंमतीचे संबंध वगळले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर तसे कलमच नाही. उलट खंडणी मागणे हा त्याच संहितेच्या कलम ३०८ खालचा गुन्हा आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर गुन्ह्यांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १९३० आहे. १९३० सालच्या मार्शल लॉच्या आणि चार हुतात्म्यांच्या या गावात तो आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही. पहिल्या मागणीला पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत, आणि जिथे भेटायचे ती जागा गर्दीची, आपल्या माहितीची असावी. ॲपमध्ये तक्रार करण्याची व समोरच्याला रोखण्याची सोय आहे, पण रोखलेला माणूस नव्या नावाने परत येऊ शकतो. त्यामुळे भेटीला निघताना आपण कुठे जात आहोत हे एका तरी मित्राला ठाऊक असणे, हीच खरी सुरक्षा. ज्याला असा एकही मित्र नाही त्याचे काय, याचे उत्तर ॲपकडे नाही.

या ॲपची मर्यादा सर्वांत ठळक दिसते ती स्त्रियांच्या बाबतीत. ते मुळात पुरुषांसाठी घडवले गेले. माढ्यातल्या किंवा अक्कलकोटजवळच्या गावातली, स्त्रीवर प्रेम करणारी मुलगी या जाळीत कुठेच नाही. पुष्कळदा तिच्याकडे स्वतःचा फोनही नसतो आणि असला तरी त्याचा पासवर्ड घरात सर्वांना माहीत असतो. तृतीयपंथी व्यक्तींना नोंदणी करता येते, परंतु आपल्या भागातल्या, यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगत्यांना आणि त्यांच्या गुरूंच्या परंपरेला देवीची परडी आणि मूर्ती घेऊन फिरण्याच्या निमित्ताने जो ओळखीचा, जरी अपुऱ्या सन्मानाचा, अवकाश आहे, त्याचा आणि या ॲपवरच्या तरुणांचा एकमेकांशी संबंध जवळजवळ येत नाही. शिकलेले गे तरुण त्यांच्यापासून जाणीवपूर्वक अंतर राखतात, याचे मला मनापासून दुःख आहे. उघडपणे जगण्याचा अनुभव या जिल्ह्यात कोणाकडे असेल तर तो त्यांच्याकडे आहे.

मग केवळ सोबत आणि सल्ला हवा असेल तर काय करावे? पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली स्थापन केलेला समपथिक ट्रस्ट आणि मुंबईत अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने १९९४ साली उभा राहिलेला हमसफर ट्रस्ट या समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या संस्थांची नावे प्रत्येकाला ठाऊक असावीत. खिरे यांनी या विषयावर मराठीत विपुल लेखन केले आहे, आणि आईवडिलांच्या हातात द्यायला मराठी मजकूर असणे किती उपयोगी पडते हे घरी बोलण्याचा प्रयत्न केलेल्यांना विचारावे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन रात्री परत येता येते, मात्र ज्याची मजुरी दिवसावर आहे त्याला तो एक दिवसही महाग पडतो. अशा वेळी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक उपयोगाचा आहे: सरकारची ही मोफत मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती चोवीस तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. एचआयव्हीची तपासणी व समुपदेशन शासकीय रुग्णालयांतल्या आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व तपासणी) केंद्रात विनामूल्य व गोपनीयतेने होते. ॲपमध्ये शेवटच्या तपासणीची तारीख लिहिण्याची आणि पुढच्या तपासणीची आठवण लावण्याची सोय आहे, आणि ती मला त्यातल्या सर्वांत जबाबदार गोष्टींपैकी एक वाटते.

स्थळे पाहायला सुरुवात झाली की आपल्याकडचे अनेक तरुण घाबरून ॲप काढून टाकतात, आणि लग्नानंतर काही महिन्यांनी चेहरा नसलेली नवी चौकट घेऊन परत येतात. त्यांना मी दोष देत नाही, पण त्या घरात आणलेल्या मुलीचा विचार मनातून जात नाही. घरच्यांनी ‘उपचारा’साठी कोणाकडे नेले तर हे जरूर सांगावे की, समलैंगिकता हा आजार नाही, आणि ती बदलण्याचा दावा करणारे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले आहे. समलिंगी विवाहाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारला गेला, हे खरे. तरी ज्यांना या जाळीतून जोडीदार मिळाला आहे अशांनी संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी करण्यास काही आडकाठी नाही, हे केंद्र सरकारने २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केले आहे, आणि बँकेच्या खिडकीवर ते न बिचकता सांगावे.

मी या ॲपला पाचपैकी तीन गुण देतो, आणि ते तिन्ही पहिल्या रात्रीच्या त्या दिलाशासाठी आहेत. वर्गणीचा प्रश्न सोलापूरपुरता सोपा आहे: ती भरू नये. वर्गणीने चौकटी वाढतात, त्या वाढलेल्या चौकटी कलबुर्गी आणि लातूरच्या असतात, आणि तेवढ्या पैशांत पुण्याचे जाऊन-येऊन तिकीट निघू शकते. ज्याचा फोन स्वतःच्या ताब्यात नाही त्याने तूर्त हे ॲप घेऊच नये आणि १४४१६ पासून सुरुवात करावी. ज्याचा फोन स्वतःचा आहे त्याने ते जरूर घ्यावे, अंतर बंद ठेवावे, ‘प्लेस?’ विचारणाऱ्याला आधी ‘जेवलात का?’ असे विचारून पाहावे, आणि जो त्याचे नीट उत्तर देईल त्याच्याशी बोलणे चालू ठेवावे.