मोठ्या बँकेच्या लीगल डिपार्टमेंटमधली इंटर्नशिप: काम साडेचार स्टार, बाकी कारभार दोन

बँकेचं नाव विचारू नका, एनडीएवर (गुप्ततेचा करार) सही केलीये आणि डिग्री अजून हातात यायचीय. प्रायव्हेट आहे, मोठी आहे, बांद्र्याच्या बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑफिस आहे, एवढ्यावर भागवा. मी पुण्यात पाच वर्षांच्या लॉला, सध्या चौथ्या वर्षाला. याआधी एका फौजदारी वकिलांकडे आणि एका लॉ फर्ममध्ये इंटर्नशिप झालीये, त्यामुळे तुलना करायला थोडंफार हातात आहे.

माझं मत असं, की कर्ज बुडायला लागल्यावर कागदांचं पुढे काय होतं हे बघायचं असेल तर बँकेसारखी जागा नाही, आणि मराठी कागद वाचता येत असतील तर तुम्ही तिथे नुसते इंटर्न राहत नाही, कामाचे माणूस होता. पण काळा कोट घालून युक्तिवाद वगैरे डोक्यात असेल तर जाऊच नका. बँकेतले लॉ ऑफिसर पगारी नोकर, त्यामुळे बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे त्यांना वकिली करता येत नाही, कोर्टात उभे राहतात ते बँकेने बाहेरून नेमलेले पॅनल वकील. आत बसून ड्राफ्ट तपासायचे, वकिलांच्या मागे लागायचं, बिलं पास करायची आणि एक्सेल भरायची. एक्सेल तर इतकी की मी लॉ शिकतेय की बीकॉम करतेय तेच कळेना.

अर्ज कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमधून गेला. बार कौन्सिलचा नियम आहे की सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप करता येत नाही (पाच वर्षांच्या कोर्सला एकूण 20 आठवडे लागतात, तीन वर्षांच्या कोर्सला 12), आणि एचआरला हे माहीतच नव्हतं, ते दोन महिन्यांचं लेटर पाठवून मोकळे. मग ते बदलून घेण्यात मेलामेली. पोचल्यावर आयडी नाही, रोज खाली व्हिजिटर पास करा, लॉगिन नाही, पेनड्राइव्ह चालत नाही, स्वतःचा लॅपटॉप आणायचा नाही. सुरुवातीचे बरेच दिवस मी दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावून काम केलंय. एवढी मोठी बँक आणि इंटर्न येणार म्हणून एक खुर्ची तयार नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

आता कामाचं. मला रिकव्हरीच्या टीमला जोडलं होतं, म्हणजे दिवसरात्र सरफेसी. कर्ज थकलं की बँकेला कोर्टात न जाता तारणाचा ताबा घेऊन ते विकू देणारा 2002 चा कायदा, कॉलेजात दोन लेक्चरमध्ये उरकतात. 90 दिवस हप्ता थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज), मग पैसे भरा म्हणून 13(2) ची नोटीस, कर्जदाराला 60 दिवस, त्यात त्याने हरकत पाठवली तर बँकेने 15 दिवसांत उत्तर द्यायचं, मग 13(4) खाली ताबा, आणि समोरचा दार उघडत नसेल तर कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. पुस्तकात हे चार ओळींत येतं. तिथे प्रत्येक टप्प्याची वेगळी फाइल, आणि फाइलमध्ये नोटीस पोचल्याची पोचपावती आहे का, रक्कम आकड्यात आणि अक्षरात जुळते का, जामीनदाराचा पत्ता जुना तर नाही, हे बघण्यात दिवस जातो. आधी वाटलं हमाली आहे. मग एका सिनियर मॅडमनी मला बसवून दाखवलं की कर्जदार डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरण) बँकेविरुद्ध कलम 17 खाली जातो (45 दिवसांची मुदत असते) तेव्हा त्याचा वकील नेमक्या याच गोष्टी उकरतो, आणि तिथे चूक सापडली की सगळी कारवाई परत पहिल्यापासून. ताबा घेतल्याची नोटीस सात दिवसांत दोन पेपरात छापायची, त्यातला एक स्थानिक भाषेतला, ती मराठी नोटीस माझ्याकडे तपासायला यायला लागली. पेपरात शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात 'ज्याअर्थी, निम्नस्वाक्षरीकार' असं काहीतरी येतं ना, तेच. एकीत गट नंबर उलटसुलट पडला होता, छापायच्या आधी सापडला, त्या दिवशी चहा टीमकडून.

खरी मजा मात्र टायटलच्या, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या फायलींत. तारण म्हणून दिलेल्या जमिनीचा 30 वर्षांचा सर्च असतो, म्हणजे जुन्या नोंदी शोधायच्या: इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), फेरफार, जुने हाताने लिहिलेले सातबारे. टीममध्ये अर्धे लोक दिल्ली-बंगलोरचे, हुशार आहेत, इंग्लिश ड्राफ्टिंग माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं, पण सातबारा समोर आला की फाइल सरकत सरकत माझ्या टेबलावर. आमच्या घरी शेती आहे, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) म्हणजे काय हे मला कोणी शिकवावं लागत नाही. एका फायलीत इतर हक्काच्या रकान्यात 'कु. का. कलम 43 च्या बंधनास पात्र' असा शेरा होता. म्हणजे कुळकायद्याने कुळाला मिळालेली जमीन, ती विकायला आणि गहाण टाकायलाही कायद्याची बंधनं असतात. सर्च रिपोर्टच्या इंग्लिश भाषांतरात हा शेरा नुसता 'अदर राइट्स' म्हणून गेला होता. मी टीमच्या सरांना दाखवलं, ते पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग थेट ब्रांचला फोन. पुढे काय झालं ते सांगू शकत नाही, पण त्यानंतर माझं लॉगिन दुसऱ्याच दिवशी तयार झालं, हा योगायोग नसावा.

आणि शेतजमिनीचा मुद्दा तर वेगळाच. सरफेसीचं कलम 31(आय) म्हणतं की शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागू नाही. त्यामुळे ताबा घ्यायची वेळ आली की अचानक सगळ्यांना आठवतं की ही तर आमची शेतजमीन. सरांनी यावर गोव्याच्या हॉटेलची केस वाचायला लावली, ब्लू कोस्ट हॉटेल्सची, 2018 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. हॉटेलसाठी कर्ज घेतलं, जमीन त्यासाठीच तारण दिली आणि नंतर म्हणे त्यातला काही भाग शेतीचा आहे. कोर्टाने ते ऐकलं नाही, लिलावात ते हॉटेल आयटीसीने सुमारे 515 कोटींना घेतलं होतं ते टिकलं. त्याच वर्षी इंडियन बँकेच्या केसमध्ये कोर्टाने सांगितलं की नुसती नोंद बघून भागत नाही, जमिनीचा खरा वापर काय ते पुराव्याने बघायचं. हे दोन निकाल आणि समोर पीकपाण्याच्या रकान्यात 'गवत' लिहिलेला सातबारा, असं एकत्र वाचलं की कायदा डोक्यात बसतो, परीक्षेच्या नोट्सने नाही बसत.

रिकव्हरीत काम कमी असलं की शेजारच्या टीमला मदत, तिथे देशभरच्या सायबर पोलिसांच्या नोटिसा. माहिती मागायला आणि खातं गोठवायला पूर्वी सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) 91 आणि 102 असायचं, 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं 94 आणि 106, काही पोलीस स्टेशनं अजून जुनीच कलमं टाकतात. कोणाच्या तरी खात्यात फ्रॉडचे थोडे पैसे फिरत फिरत आले म्हणून अख्खं खातं गोठतं, आणि तो माणूस ब्रांचमध्ये जाऊन ओरडतो, ब्रांच आम्हाला मेल टाकते, आम्ही पोलिसांना. यात ग्राहकाला नीट उत्तर कोणीच देत नाही हे मला खटकलं आणि मी बोलले पण, उत्तर आलं 'प्रोसेस आहे'.

डीआरटी एकदाच दाखवली, कुलाब्याला. तीन तास बसून तारीख मिळाली. अजून न्यायला हवं होतं, हा माझा मोठा आक्षेप आहे.

माणसांबद्दल, शिकवणारी माणसं खरंच चांगली आहेत पण ती दोन-तीनच, आणि तुमचं नशीब त्यांच्या डेस्कजवळची जागा मिळण्यावर. बाकीचे टार्गेटच्या ओझ्याखाली, इंटर्नचं नाव पण विचारत नाहीत, 'ती पुण्याची' एवढंच. वेळ साडेनऊ ते सहा, पण क्वार्टर संपत आला की आठ पण वाजतात. स्टायपेंड शून्य, आणि मुंबईत पीजीचं भाडं काय आहे हे मी सांगायला नको. नफा एवढा कमावणाऱ्या बँकेने इंटर्नला बसभाड्याएवढे पण पैसे देऊ नयेत याला कंजूषपणा म्हणतात, दुसरं काही नाही. कॅन्टीनची थाळी स्वस्त आणि बरी, कोशिंबीर वगळता. येण्याजाण्याला बांद्र्याहून शेअर रिक्षा म्हणजे डोक्याला ताप, मेट्रो तीनचं बीकेसी स्टेशन जमत असेल तर तेच बघा.

आरबीआयची उन्हाळी इंटर्नशिप लॉच्या मुलांना पण असते आणि तिथे स्टायपेंड मिळतो, ती आधी ट्राय करा. ती नाही मिळाली आणि अशा बँकेचा कॉल आला तर जा, पण लेटर घेतानाच तीन गोष्टी ईमेलवर लिहून घ्या: टीम कोणती, लॉगिन कधी, आणि डीआरटीला किती वेळा नेणार. कॉन्ट्रॅक्ट व्हेटिंगची (करार तपासण्याची) टीम देत असतील तर माझ्या मते लॉ फर्म बरी, रिकव्हरी देत असतील तर डोळे झाकून घ्या. जायच्या आधी घरचा नाहीतर मामाचा सातबारा काढून वाचून ठेवा, महाभूलेखवर फुकट दिसतो. सर्टिफिकेट मला तीन मेल टाकल्यावर आलं, आणि त्यावर आडनाव चुकलंय, ते दुरुस्त करून मागितलंय.