खंडानंतर जिममध्ये परतताना: स्प्लिट की फुल बॉडी?

मोठ्या खंडानंतर जिममध्ये परतणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक निर्णय घ्यावा लागतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय असे एकेका दिवशी शरीराचा एकेक भाग घेणारे जुने स्प्लिट कमी वजनाने पुन्हा सुरू करायचे, की काही महिने ते बाजूला ठेवून आठवड्यातून तीन दिवस पूर्ण शरीराचा व्यायाम करायचा? नऊ महिन्यांच्या खंडानंतर मी दोन्ही मार्गांनी गेलो आहे. पहिले सहा आठवडे स्प्लिट केले आणि ते सोडून पुढे सुमारे चार महिने फुल बॉडी केले. ज्यांना स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन बसणे-उठणे), बेंच प्रेस (आडवे पडून वजन वर ढकलणे), रो (वाकून वजन पोटाकडे ओढणे) हे व्यायाम नव्याने शिकायचे नसून गमावलेली ताकद परत मिळवायची आहे, त्यांना माझा अनुभव उपयोगी पडावा अशी इच्छा आहे.

आधी एक दिलासा द्यायला हवा. गेलेली ताकद परत येते, आणि पहिल्यांदा कमावताना लागली त्याहून बऱ्याच कमी वेळात येते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० आठवडे वजने उचललेल्या स्त्रियांनी ३० ते ३२ आठवडे व्यायाम पूर्ण थांबवला होता. पुन्हा सुरू केल्यावर अवघ्या सहा आठवड्यांत त्यांची ताकद झपाट्याने परतली. फिनलंडमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्येच दहा आठवडे सुट्टी घेतलेला गट अखेरीस सलग २० आठवडे व्यायाम करणाऱ्या गटाच्या बरोबरीला आला. यामागचे एक कारण ऑस्लो विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले होते. व्यायामाने स्नायूच्या तंतूंमध्ये नवी केंद्रके येतात आणि पुढे स्नायू बारीक झाला तरी ती टिकून राहतात. माणसांच्या बाबतीत यावर अजून वाद चालू आहे, पण वर्षानुवर्षे उचललेला बार हातांना परका वाटत नाही, हे परतलेला प्रत्येक जण सांगेल. दम मात्र लवकर जातो. सहनशक्तीच्या खेळाडूंमध्येही व्यायाम थांबवल्यावर दोन-तीन आठवड्यांतच प्राणवायू वापरण्याची क्षमता मोजण्याइतकी घटते. त्यामुळे पहिल्या दिवशी हाताला वजन हलके वाटते आणि छाती मात्र धपापते.

ताकद परतणारच असेल, तर कोणत्या वेळापत्रकाने स्नायू अधिक वाढतात हा प्रश्न माझ्या मते दुय्यम ठरतो. पहिले दोन-तीन महिने कोणते वेळापत्रक न मोडता चालते, हे आधी पाहावे.

स्प्लिटच्या बाजूने बरेच काही आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते ओळखीचे असते, रोजचे काम पाऊण तासात आटोपते आणि एकाच भागावर मन एकाग्र करता येते. वजन कमी असतानाही त्या भागाला भरपूर काम दिल्याचे समाधान मिळते, आणि खंडामुळे खचलेल्या मनाला त्या समाधानाची गरज असते. रोज ठरलेल्या वेळी जिमची पायरी चढल्याशिवाय ज्यांची सवय टिकत नाही, त्यांना पाच दिवसांचे स्प्लिट सांभाळून नेते. आठवड्यातील एकूण सेट (न थांबता सलग केलेल्या उचलींचे गट) सारखेच असतील, तर ते एका दिवशी केले काय किंवा तीन दिवसांत वाटले काय, स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही, असे स्प्लिटचे समर्थक सांगतात. उपलब्ध संशोधनही बहुतांशी त्यांच्याच बाजूचे आहे.

माझी अडचण वाढीशी संबंधित नव्हती. मी परतलो तेव्हा पायांच्या दिवशी पूर्वीप्रमाणे स्क्वॉटचे चार, लेग प्रेसचे चार, लंजेसचे तीन आणि लेग कर्लचे तीन असे चौदा सेट केले. वजन निम्मे ठेवले होते आणि तेवढी खबरदारी पुरेशी आहे असे मला वाटले. सेटही निम्मे करायला हवेत, हे सुचले नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या नुसत्या जड वाटल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरून, अंग तिरपे करून, प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय टेकवून मग उजवा खाली आणावा लागला. चढताना त्रास बेताचा होता. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि स्क्वॉटमध्ये खाली जाताना त्याला हेच काम करावे लागलेले असते, म्हणून दुखणे नेमके उतरताना जाणवते. खुर्चीत बसतानाही दोन्ही हातांवर भार देऊन स्वतःला हळूहळू खाली सोडावे लागत होते.

असे अंग आंबणे साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते आणि मग ओसरते, हे कोणालाही नवीन नाही. स्नायू एकदा त्या कामातून गेला की पुढचे काही आठवडे तेच काम त्याला पूर्वीइतके दुखवत नाही, हाही सर्वांचा अनुभव आहे. माझ्या मांड्यांना मात्र ते संरक्षण मिळेना; माझ्या मते याचे कारण म्हणजे पायांची पाळी आठवड्यातून एकदाच येत होती आणि तीही चुकत होती. कामामुळे एक बुधवार गेला, तेव्हा दोनच मार्ग उरले: सगळे वेळापत्रक एक दिवस पुढे ढकलायचे किंवा त्या आठवड्यात पाय सोडून द्यायचे. पुढे ढकलले तर पुढचा आठवडाही विस्कटत होता आणि सोडले तर पायांच्या दोन दिवसांत चौदा दिवसांचे अंतर पडत होते. सहा आठवड्यांत पायांचा व्यायाम चारदाच झाला आणि त्या चारही वेळा दुखणे पहिल्या दिवसासारखेच होते. त्यात मांड्यांची मागची बाजू धरलेली असल्यामुळे वाकून रो मारता येईना आणि पाठीचा दिवसही हुकू लागला. एका दिवसाचा अतिरेक दुसरे दोन दिवस खात होता. हे लक्षात आल्यावर मी स्प्लिट सोडले.

इथे एक गंभीर गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. खंडानंतर एकाच स्नायूगटावर एकाच दिवशी फार काम लादले, तर क्वचित प्रसंगी स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. दुखणे असह्य असेल, स्नायू सुजून ताठर झाला असेल किंवा लघवी गडद तपकिरी होत असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

फुल बॉडीकडे वळताना मी सोमवार, बुधवार आणि शुक्रवार ठरवले. प्रत्येक दिवशी स्क्वॉट, एक ढकलण्याचा आणि एक ओढण्याचा व्यायाम, शेवटी पोटासाठी थोडे काही, आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचे फक्त दोन सेट. इतक्या कमी कामाने मन भरत नाही, हे खरे आहे. मला त्या वेळी आधार वाटला तो थॉमस डीलॉर्म यांच्या पद्धतीचा. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांची ताकद परत आणण्यासाठी अमेरिकी लष्करातील या डॉक्टरांनी वजने वापरली आणि १९४५ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते सात किंवा त्याहून अधिक सेट करवून घेत. अनुभवाने १९४८ पर्यंत ते तीन सेटवर आले, दहा वेळा जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या निम्म्याने पहिला, पाऊण वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा. दुसऱ्या आठवड्यापासून मीही हीच चढण वापरली. त्यामुळे वॉर्मअपचा वेगळा विचार करावा लागला नाही.

माझ्या वहीतील नोंदी सांगतो; त्यांना पुरावा न मानता एका माणसाचा अनुभव मानावे. खंडापूर्वी मी १०० किलोने स्क्वॉटचे पाच रेप्स (उचली) करत असे. फुल बॉडीची सुरुवात ५० किलोने केली आणि प्रत्येक वेळी अडीच किलो वाढवले. पहिल्या सोमवारनंतर मांड्या दुखल्या, पण जिना सरळ उतरता आला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दुखणे जवळजवळ संपले, कारण तोच व्यायाम दर दोन-तीन दिवसांनी थोडा थोडा होत होता. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस ७७.५ किलो झाले. त्यानंतर प्रत्येक वेळी वाढवणे जमेना, म्हणून आठवड्याला अडीच किलो वाढवत अकराव्या आठवड्यात ९५ किलोवर पोहोचलो. मधल्या काळात दोनदा बुधवार चुकला आणि दोन्ही वेळा शुक्रवारी मी वहीचे तेच पान उघडून बुधवारचा व्यायाम केला. त्या आठवड्यांतही शरीराच्या प्रत्येक भागाला दोनदा काम मिळाले आणि वेळापत्रकाला हात लावावा लागला नाही.

फुल बॉडीचे दोषही कमी नाहीत. दर वेळी सव्वा तास लागतो. गर्दीच्या वेळी रॅक आणि बेंच दोन्ही मिळवताना ताटकळावे लागते, आणि स्प्लिटमध्ये हा त्रास बराच कमी असतो. स्क्वॉटचे जड सेट झाल्यावर पुढच्या व्यायामांसाठी दम उरत नाही, त्यामुळे खांदे आणि दंड यांच्याकडे माझे थोडे दुर्लक्षच झाले. वजन भराभर वाढवण्याचा मोहही इथे जास्त असतो. बेंच प्रेसमध्ये मी एकदा आठवड्यात दहा किलो चढवले. छातीने ते पेलले, पण कोपराच्या आतल्या बाजूला कळ येऊ लागली आणि तीन आठवडे वजन उतरवून ठेवावे लागले. स्नायू लवकर पूर्ववत होतो, त्याला हाडाशी जोडणारे कंडर त्या वेगाने तयार होत नाहीत. म्हणून वजन सोपे वाटत असतानाही ठरलेल्या अडीच किलोंवर थांबण्याचा संयम ठेवावा लागतो.

ज्यांचा खंड दोन-तीन आठवड्यांचाच आहे, त्यांनी जुने स्प्लिटच सेट कमी करून चालू ठेवले तरी काही बिघडणार नाही असे मला वाटते. ज्यांना दिवसाला अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ काढताच येत नाही, त्यांनाही माझा आग्रह नाही; त्यांनी पायांच्या दिवशी पहिले दोन आठवडे पाच-सहा सेटांवर थांबावे एवढेच सुचवेन. पण खंड काही महिन्यांचा असेल आणि आठवड्यातील एखादा दिवस हमखास हुकणार हे माहीत असेल, तर फुल बॉडीने सुरुवात करणे मला अधिक सुरक्षित वाटते.

फुल बॉडी किती दिवस चालवावे, याचे उत्तर मला स्क्वॉटने दिले. चौथ्या महिन्यात स्क्वॉटचे शेवटचे सेट इतके जड झाले की पाठोपाठच्या बेंच प्रेसमध्ये रेप्स कमी पडू लागले आणि सलग तीन आठवडे तेच घडले. तेव्हा मी शरीराचा वरचा आणि खालचा भाग आलटून पालटून घेणारे चार दिवसांचे वेळापत्रक आखले आणि आज तेच चालू आहे. त्यात खांदे आणि दंड यांना हवा तो वेळ मिळतो. पाय अजूनही आठवड्यातून दोनदा येतात.