ओआरएसची पुडी की घरचे साखर-मिठाचे पाणी?
बाळाला जुलाब लागले की मोठा धोका असतो तो शरीरातून निघून जाणाऱ्या पाण्याचा आणि क्षारांचा. ही तूट भरून काढण्यासाठी दोन पर्याय सहसा समोर येतात: ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या क्षार-ग्लुकोजची तयार पुडी, आणि घरी केलेले साखर-मिठाचे पाणी.

जागतिक आरोग्य संघटनेने 2002 पासून शिफारस केलेल्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी 75 मिलिमोल (वजनाऐवजी कणांच्या संख्येने मोजायचे एकक) असते. हे समप्रमाण कळीचे आहे, कारण आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन शोषले जाते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही रक्तात ओढले जाते. शिवाय पुडीत पोटॅशियम आणि सायट्रेट असते, जे घरच्या पाण्यात नसते.

घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालतात. पण चमचा जरा शिगेला भरला की मीठ वाढते आणि तान्ह्या जिवाला ते घातक ठरू शकते. म्हणून पुडी मिळत असेल तर पुडीच द्यावी, आणि घरचे पाणी केवळ ती हाती येईपर्यंत.

मात्र पुडीसाठीही तिच्यावर छापलेल्या मापाइतकेच पाणी घ्यावे. अर्धी पुडी अंदाजाने कालवू नये. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये.

डोळे खोल गेले, लघवी थांबली, बाळ मलूल पडले किंवा शौचातून रक्त आले, तर कोणत्याही पर्यायावर विसंबून न राहता ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.