येझदी घ्यायची: रंगवलेली की धूळ खात पडलेली?
म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी जुन्या येझदी मोटरसायकली ऑनलाइन जाहिरातींत भेटतातच. नव्याने रंगवलेली महाग, पण लगेच चालवता येते. मात्र ताज्या रंगाखाली गंज आणि वेल्डिंग लपतं. थंड इंजिनाला पहिली किक मारतानाचा व्हिडिओ मागाच. वर्षानुवर्षं उभी असलेली स्वस्त, आणि मला तीच आवडते: मूळ टाकी, मूळ मीटर, काहीच झाकलेलं नाही. इंजिन जाम असलं तरी टू-स्ट्रोक साधं, जाणता मिस्त्री ते उघडतो. कागद नसतील तर मात्र तीही नको. चासी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळायला हवेत. गाडी परराज्यातली असेल तर आरटीओची एनओसीही हवी. हे पाहिल्याशिवाय बयाणा पाठवू नका.