२४ किलोचं बॉनेट, कडता कापून

आमचा धंदा हळदीचा, सांगलीच्या मार्केट यार्डात. पोतं काट्यावर चढल्याशिवाय आम्ही कुणाचं खरं मानत नाही. त्यामुळे कुपवाड एमआयडीसीतले फायबरचे मिस्त्री जेव्हा म्हणाले, "शेठ, कार्बन फायबरचं बॉनेट करू, निम्म्याहून हलकं होतंय," तेव्हा मी आधी जुनं बॉनेट टेम्पोत घालून गाळ्यावर आणलं. भरलं २४ किलो ३०० ग्रॅम.

गाडी अण्णांची, १९९३ ची कॉन्टेसा क्लासिक. हिला आपल्याकडची मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, म्हणायची पद्धत आहे. रूप पाहिलं तर म्हणावंच. पण १९८४ साली हिंदुस्तान मोटर्सने इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या साच्यावरून ही गाडी आणली तेव्हा एवढ्या थोरल्या अंगाखाली अ‍ॅम्बॅसिडरचं दीड लिटरचं इंजिन होतं. पहिलवानाला शाळकरी पोराचं काळीज! आमच्या गाडीत नंतरचं इसुझुचं १.८ लिटर आहे, ते बरं पळतं.

२०१९ च्या पुरात ही गाडी गावभागातल्या घरी चार दिवस पाण्यात होती. इंजिन उघडून, धुऊन वाचवलं. बॉनेट आणि डिकी मात्र आतल्या चौकटीतून सडत गेली. २००२ ला गाडीच बंद झाली, नवा पत्रा आणायचा कुठून? भंगारात मिळतो तो आपल्यापेक्षा सडका. "सांधा मारून देतो, पण परत सडणार की वो," असं डेंटरनेच सांगितलं. म्हणजे हौसेपेक्षा नाइलाज जास्त.

आता त्या २४.३ किलोचं. मिस्त्रींनी साच्यासाठी जुनं बॉनेट खरवडलं तेव्हा तीन वेळच्या रंगकामाची पुट्टी निघाली, १ किलो ९००. चौकटीच्या पोकळीतून पुराचा वाळलेला गाळ निघाला, ४०० ग्रॅम. कृष्णामाईचा प्रसाद. कडता, म्हणजे माल नसलेलं जादा वजन, कापून निव्वळ पत्रा २२ किलो. वजन घटवल्याच्या बढाया ऐकताना हे विचारत चला: आधीचं वजन पुट्टीसकट धरलंय की पुट्टी काढून?

वर्कशॉपचं रोजचं काम म्हणजे ट्रॅक्टरची बॉनेटं, ट्रकचे बंपर, पुतळे. माझा साचा एका डोकं नसलेल्या घोड्याला टेकून ठेवलेला होता. पण काम करताना पाहिलं आणि माणसाबद्दल आदर वाटला. साच्याला मेणाचे हात, मग २०० ग्रॅमचं कार्बनचं कापड चार थर, कडक व्हावं म्हणून मध्ये फोमच्या पट्ट्या, इपॉक्सी (कापड घट्ट करणारं रेझिन), आणि वरून प्लास्टिकची पिशवी. हवा ओढणारा पंप सुरू झाला की पिशवी कापडाला अशी चिकटते की विणीचा धागा न् धागा दिसतो, आणि जादा रेझिन वरच्या शोषकात चढतं. कुठूनतरी हवा येत होती. मिस्त्री पोरांना गप्प करून, पंप थांबवून, पिशवीच्या कडेला कान लावून गुडघ्यावर फिरले. डाव्या कोपऱ्यात बारीक सुस्कारा सापडला. तिथं चिकटपट्टी दाबली आणि दहा मिनिटं मीटरचा काटा हलत नाही हे बघत बसले. चहा गार झाला.

तयार बॉनेट बिजागरीच्या पट्ट्या आणि रंग धरून ८ किलो १००. डिकी १३.४ वरून ५.९ वर. दोन्ही मिळून २१ किलो ४०० ग्रॅमची घट. ऐकायला झकास. पण गाडी वे-ब्रिजवर १२२० किलो भरली होती, म्हणजे पावणेदोन टक्के झाले. अठ्ठावीस-एकोणतीस लिटर पेट्रोलचं वजनही तेवढंच. आंबा घाट चढून आलो. फरक जाणवला असं लिहायला आवडलं असतं. नाही जाणवला. एवढंच की पुढचं नाक दोन-चार मिलिमीटर वर आलंय, आणि बॉनेट आता माझी मुलगी एका हाताने उचलते. अमेरिकेत स्पीडकोअरसारखी मंडळी १९७० च्या डॉज चार्जरची अख्खी बॉडी कार्बनमध्ये करतात, तिथं हिशेब वेगळा. दोन झाकणं बदलून कुणाची गाडी चित्ता होत नाही.

तक्रारी आहेत. तीन आठवड्यांचा वायदा होता, चार महिने लागले. गणपतीच्या आधी फायबरवाल्याकडे जाऊच नये. एप्रिलच्या उन्हात इंजिन तापलं की पहिल्या बॉनेटवर लाटा उठल्या. साध्या हवेत सुकवलेलं इपॉक्सी अशा उष्णतेत मऊ पडतं, ते नंतर भट्टीत शेकावं लागतं. मिस्त्रींनी ते केलेलंच नव्हतं. चूक कबूल केली, दुसरं बॉनेट स्वतःच्या खर्चाने केलं आणि शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत रविवारी हळूहळू तापवत ८० अंशांवर शेकलं. दुसरी गोष्ट डिकीची. बिजागरीखाली अ‍ॅल्युमिनियमचे वायसर कार्बनला थेट टेकवले होते. एका पावसाळ्यात त्यांची पांढरी भुकटी झाली. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. आता मध्ये काचेच्या धाग्यांच्या कापडाचा थर आणि स्टेनलेसचे बोल्ट आहेत. शिवाय डिकीच्या स्प्रिंगा जुन्या वजनाच्या. खटका दाबला की झाकण फाडकन वर येतं. हनुवटीला एकदा प्रसाद मिळालाय.

बॉनेटला पुढून दोन पिना लावून घ्या. आम्ही आधी लावल्या नव्हत्या. कोल्हापूर रस्त्यावर नव्वदला कोपरा फडफडायला लागला तेव्हा अण्णा पुढच्या सीटवर होते. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी फक्त हळदीच्या भावाबद्दल बोलले.

वीण दिसती ठेवायचा मोह आवरला. उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं, वर ऊन अडवणारा पारदर्शक यूव्हीवाला क्लिअर कोट लागतो. आणि आरसीवर रंग पांढरा लिहिलाय, वजनही लिहिलंय. कंपनीने दिलेल्या नोंदींपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. त्यामुळे छप्पर, दारं यांना हात लावला नाही, आणि डागडुजी केलेला जुना पत्रा माळ्यावर ठेवलाय, पासिंगला तोच चढवायचा.

पैसे: बॉनेट ४६,०००, डिकी ३०,०००, साच्यांचे वेगळे २४,०००. बिल पक्कं. स्वस्तात देतो म्हणणारे दुसरीकडे भेटले, पण त्यांचं बॉनेट उलटं करून पाहिलं तर खालून साधी काचेची मॅट, वरच्या एका थराला कार्बन. घ्यायचं असेल तर आधी उलटं करून बघा.

मिस्त्रींकडे परत जाईन का? जाईन, पण दिवाळीनंतर. भांडण एकच उरलंय. साच्याचे पैसे मी दिले, साचे मात्र त्यांच्याकडेच आहेत, आणि त्यातून कोल्हापूरच्या एका कॉन्टेसावाल्याचं बॉनेट निघालंसुद्धा. मला कळलं कसं? मिस्त्रींचाच फोन आला, "शेठ, दुपारी काटा मोकळा आहे का? एक बॉनेट भरायचं होतं."